साडूच्या गावाला समुद्र आहे

कबड्डीत मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात, हे मला शाळेपासून माहीत आहे. माहीत असूनही गेल्या श्रावणात मी हरलेल्या संघाला पेपरातून जिंकवून दिलं.

झालं असं, की आमच्या भागातल्या एका समाजभवनाच्या टिनाखाली अंतिम सामना होता आणि दोन्ही संघांना एकाच दानशूर गृहस्थानं बनियनी दिल्या होत्या. रंग एकच, आणि छातीवर त्या गृहस्थाचाच हसरा फोटो. चढाईला जाणारा तोच, त्याचा पाय धरणाराही तोच. मी आपली डोक्यात सोपी खूण करून ठेवली, एक मंदिराकडचे आणि एक नालीकडचे. मध्यांतरात बाहेर तर्री-पोहे खायला गेलो. तर्री तिखट होती, ओळखीचे दोघं भेटले, नाक पुसत परत आलो तोवर खेळ सुरू झालेला. शेवटी मंदिराकडचे जिंकले. मी तसं लिहिलं आणि तिथूनच फोनवरून पाठवून दिलं. बक्षीस वाटपापर्यंत थांबलो असतो तर कळलं असतं. पण बक्षिसांच्या आधी भाषणं असतात, आणि पेपरातलं पान कोणाच्या भाषणासाठी थांबत नाही.

दिवसा मी नागपूरच्या गांधीबागेत साड्यांच्या एका घाऊक दुकानात बसतो. बातम्यांचं काम त्यानंतरचं आणि सुट्टीच्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सात धिप्पाड माणसं दुकानात शिरली. शेठजींना वाटलं लग्नाचा बस्ता आहे, त्यांनी चहा सांगितला. सातही जण पांढऱ्या गादीवर बसले, आणि त्यांच्या कप्तानानं माझ्यासमोर पेपर उलगडला.

"काका, जिंकलो आम्ही ना गा."

"असं काय?"

"कप बी आमच्याचकडं आहे. आणू का दाखवाले?"

मी बातमी वाचली. मग पुन्हा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर निकाल बदलेल. शेठजी म्हणाले, "भाऊ, जरीचं दाखवू की साधं?" कप्तान म्हणाला, "आमाले दुरुस्ती पाहिजे." दुकानात फॉल-पिको करून मिळतो, दुरुस्तीचं काम होत नाही, असं शेठजी सांगायला लागले तेव्हा मला उठून त्या सात जणांना बाहेर न्यावं लागलं.

दुरुस्ती छापून आली, प्रकरण मिटलं. मला लागलं ते वेगळंच. संध्याकाळी हुडकेश्वरला घरी आलो, बूट काढले आणि बायकोला विचारलं, "अवं, सकाळी तुझ्या लक्षात नाही आलं का? रात्री जेवताना मी तुले वेगळंच सांगितलं होतं. नालीकडच्यांचा तो बुटका पोरगा काय खेळला म्हणून."

"नाही बा. वाचलंच नाही मी आज."

"काहून?"

"वाचनारच होती. मंग लहानीनं पाठवलं ते वाचत बसली. नारळाचं. अहो, काय लिवलं आहे त्यानं."

इथं थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या बातमीला माझं नाव नसतं. वर 'क्रीडा प्रतिनिधी' असतं, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राची असली तर 'सांस्कृतिक प्रतिनिधी', आणि डेस्कवरचे लोक मला 'ते हुडकेश्वरवाले' म्हणतात. मी कोणत्याच पेपरचा नोकर नाही. टेनिस बॉल क्रिकेट, कॅरम, कबड्डी, शाळांची स्नेहसंमेलनं, आवाज चांगला असलेल्या डॉक्टरांचे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम, जिथं पेपरचा माणूस जात नाही तिथं मी जातो. माझ्या आजोबांच्या घरी माग होता, वडिलांनी तो विकून सायकलचं दुकान टाकलं, आणि मी दुसऱ्यांनी विणलेल्या साड्या विकतो. आमच्या घराण्यात हातानं काही करून दाखवणं माझ्यापाशी येऊन संपलं. तेव्हा ही बातम्यांची हौस म्हणजे माझा सगळा दिमाख आहे, आणि तो दिमाख मिरवायला मला जागा एकच होती.

बातमी आली की सकाळी बायको ती मोठ्यानं वाचायची. मी मोरीच्या आरशापुढं दाढी करत असायचो, ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची, आणि वाचायची. मी ऐकत नाही असं दाखवायचो, त्यासाठी नळ थोडा चालू ठेवायचो, पण इतका नाही की ऐकू येऊ नये. कुठं नाव चुकलं असलं, धावांची बेरीज जमत नसली, तर ती तिथंच थांबायची. "हे बरोबर आहे का?" शहरात तो पेपर हजारो लोक उघडत असतील. मला त्या एकीनं वाचलेलं पुरायचं. आणि गेले काही महिने ती दारात उभी राहून वाचत होती खरी, पण हातात पेपर नसायचा, फोन असायचा.

फोनवर माझा साडू असायचा. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा, लहानीचा नवरा. कोकणात एका बंदराच्या गावी राहतो, पोस्टात होता, आता मोकळा आहे. त्यानंही माझ्यासारखंच गावातले खेळ आणि करमणुकीचं लिहायला घेतलं. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी, हे नमूद करून ठेवतो. त्याचा लेख रविवारी येतो, अर्ध्या पानाचा. वर त्याचं नाव असतं. नावाशेजारी त्याचा फोटो असतो, आणि फोटोत त्याच्या मागं समुद्र.

मला त्या समुद्राचा राग होता. होडीच्या शर्यतीवर लिहिलं तरी समुद्र, देवळापुढच्या दशावतारावर लिहिलं तरी नटाच्या आवाजामागं लाटा. त्याला समुद्र फुकट मिळतो. माझ्या धावफलकामागं पाण्याची टाकी असते, आणि टाकीवर लिहिलेलं असतं, इथे गाड्या उभ्या करू नयेत. समुद्रावर पतंग उडवण्याची स्पर्धा होते आणि आमच्याकडं होत नाही असं थोडंच आहे. पण आमचा पतंग कटला तर कोणाच्या तरी कूलरवर पडतो. त्याचा पाण्यात जाऊन पडतो, आणि बायका त्याला "आई गं" म्हणतात.

एकदा मीही प्रयत्न केला. कॅरमच्या स्पर्धेच्या बातमीत पहिलं वाक्य टाकलं, 'फुटाळा तलावाच्या पाण्यावरून येणाऱ्या झुळका अंगावर घेत'. डेस्कवरून फोन आला. "कॅरम मैदानात ठेवला होता का गा? पावडर उडाली असंल सगळी." मी म्हटलं, हॉलमध्ये होता. "मंग झुळका काढतो." त्यांनी झुळका काढल्या. उरलेल्या बातमीत विजेत्यांची नावं तेवढी होती.

तर त्या दिवशी मी बायकोकडून फोन घेतला आणि ते नारळाचं वाचलं. त्यांच्याकडं नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात. एकानं नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर मारायचा, ज्याचा फुटला तो हरला. साडूनं एका म्हातारीबद्दल लिहिलं होतं. ती नारळ विकत घेताना कानाशी धरते, हलवते, ऐकते, आणि दुकानदाराला म्हणते, हा भांडकुदळ आहे, हा दे. बस एवढंच. मला ती म्हातारी दिसली. आमच्या बुटक्या कबड्डीपटूचं मी काय लिहिलं होतं? 'चुरशीच्या लढतीत प्रेक्षणीय खेळाचे प्रदर्शन घडविले.' आणि तेही दुसऱ्या संघाच्या नावावर.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"नुसतं चांगलं? मी दोनदा वाचलं."

हे तिनं सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सासर माझं जवळच आहे, इतवारीत, भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. मदतीला धाकटी मेहुणी कोकणातून निघाली, आणि सोबत साडूही. इतवारीतल्या त्या घरात कूलर लावला की माणसाला बसायला जागा उरत नाही, म्हणून मेहुणी आईकडं राहिली आणि साडू आमच्याकडं आला. बॅग ठेवली, हातपाय धुतले, आणि "बरं आहे ना सगळं?" असं म्हणून खुर्चीत बसला. दोन दिवसांत त्यानं याहून फार जास्त काही म्हटलं नाही.

साडू बोलत नाही. आधी मला वाटलं शिष्ट आहे. तसंही नाही. नुसताच बोलत नाही. विचारलं तर उत्तर देतो, उत्तर संपलं की हसतो. माझ्या बायकोनं त्याला सावजीचा रस्सा वाढला, त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो म्हणाला, "छान." आमची पोरगी कॉलेजात आहे, ती मला आत येऊन म्हणाली, "बाबा, काका किती शांत आहेत ना. एकदम लेखकासारखे." मी दिवसाला किती बोलतो हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मग मीही शांत राहून पाहिलं. पोरीनं विचारलं, "तुमचं पोट दुखते का?"

दुखत होतंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा भरतो. शेतकरी खरे बैल सजवतात तसे लहान पोरं लाकडी बैल सजवतात. चाकं लावलेला लाकडी नंदी दोरीनं ओढत आणायचा, पोरानं धोतर-फेटा घालून त्याच्या बाजूला उभं राहायचं, मग तोरणाखाली रांग, सजावटीला बक्षीस, आणि नंतर घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, गोळा करायचा. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानावर मोठी स्पर्धा असते आणि तिची बातमी दरवर्षी मीच देतो. हे कोकणात नाही. मी ठरवलं, साडूला घेऊन जायचं. समुद्र नसला तरी आमच्याकडं काय असतं ते पाहू दे त्याला. आणि लोक मला कसे ओळखतात तेही पाहू दे. दुसरा हेतूच खरा होता.

मंडपात शिरलो. मंडळाचे अध्यक्ष पुढं आले. मी मोठेपणानं म्हटलं, "हे माझे साडू. कोकणातले पत्रकार आहेत. रविवारचा लेख येतो यांचा."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांचे ठरलेले प्रमुख पाहुणे वाडीकडच्या दुसऱ्या कार्यक्रमात अडकले होते. पुढच्याच मिनिटाला माझा साडू व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होता, गळ्यात शाल, हातात नारळ, आणि माईकवरून घोषणा चालली होती, "थेट समुद्रकिनाऱ्यावरून खास आपल्या तान्ह्या पोळ्यासाठी आलेले ज्येष्ठ पत्रकार आजचे मुख्य परीक्षक म्हणून लाभले आहेत."

तो सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी आला होता. पण हे मी कोणाला सांगणार?

मी व्यासपीठाच्या पायरीवर पाय ठेवला. अध्यक्षांनी माझा दंड प्रेमानं धरला.

"काका, तुम्ही तर घरचेच आहात. जरा मागं पाहता का? नाव लिहाच्या टेबलावर कोनीच नाही. लाईन बिघडून राहिली."

घरचा माणूस म्हणजे ज्याला खुर्ची द्यावी लागत नाही. मी मागं गेलो. मंडपाच्या कापडामागं, जनरेटरच्या शेजारी. तिथून व्यासपीठ दिसत नव्हतं, फक्त माईक ऐकू येत होता.

माईकवर साडूला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला आत कुठंतरी बरं वाटलं. आता कळेल लोकांना, म्हटलं. तो म्हणाला, "नमस्कार." मग बराच वेळ काहीच नाही. मग लोक हसायला लागले. मी कापड बाजूला करून डोकावलो. साडूनं हातातला सत्काराचा नारळ कानाशी धरून हलवला होता. मग अध्यक्षांच्या हातातला नारळ मागून घेतला, तोही ऐकला, परत दिला, आणि खुणेनं सांगितलं, घट्ट धरा. अध्यक्ष लाजत उभे राहिले. साडूनं आपला नारळ मारला. अध्यक्षांचा फुटला, पाणी त्यांच्या नव्या कुर्त्यावर, आणि मैदानभर टाळ्या. पोरं नंदी सोडून व्यासपीठाकडं पळाली. मी इतकी वर्षं त्या मैदानावर मैलभर बोललो असेन, असा हशा कधी झाला नाही. त्यानं एक शब्द उच्चारला होता.

मी पुन्हा टेबलावर जाऊन बसलो. हातात पेन होतं, ते मी इतकं दाबत होतो की कागद फाटला.

आणि तेवढ्यात माझ्यापुढं एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. धोतर, फेटा, मिशी काजळानं जाड केलेली, हातात दोरी, दोरीला हा एवढा सुंदर नंदी, शिंगांना बेगड, पाठीवर मखमली झूल, गळ्यात खऱ्या घुंगरांची माळ. मी म्हटलं, "मुलगा कुठं आहे?"

तो म्हणाला, "पळून गेला."

"कुठं?"

"मामाकडं. धोतर टोचते म्हने. रडून राहिला सकाळपासून. आता मी इतके दिवस सजवलं, भाऊ, त्याचं काय करू? तुम्ही माझंच नाव लिहा."

"स्पर्धा लहान मुलांची आहे."

"मी मागं उभा राहीन. वाकून."

त्याच्या मागं रांग अडली होती. कोणीतरी ओरडलं, गा काका, घ्या ना पुढं. मी पेन उचललं आणि सवयीनं विचारलं, "वर्ग कोणता?"

तो फेटा सावरत अगदी गंभीरपणे म्हणाला, "पहिली ब."

मी लिहिलं, पहिली ब. तो गुडघे वाकवून रांगेत लागला. पुढं त्याला पाहून एका चिमुरडीनं आपल्या आईला विचारलं, हा नापास झाला का वं? आईनं तिचं तोंड दाबलं. त्याला बक्षीस मिळालं नाही, परीक्षकांच्या नजरेला तो पडलाच नाही बहुतेक. पण रांग संपेपर्यंत तो वाकूनच होता, आणि जाताना मला म्हणाला, "पुढच्या वर्षी पोरगा येईल. नाही आला तर मी दुसरीत असीन."

मी मैदानातूनच बातमी पाठवली. 'बालगोपाळांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदविला. कोकणातील ज्येष्ठ पत्रकार मुख्य परीक्षक म्हणून उपस्थित होते. कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' ज्येष्ठ हा शब्द लिहिताना माझ्या बोटाला कसं वाटलं ते माझ्या बोटाला माहीत.

त्या दिवशी जेवायला बसलो. साडूच्या शालीचं कौतुक झालं, नारळाचं झालं. पोरीनं नारळाचा व्हिडिओ तोवर कुठून तरी मिळवला होता. मला ताटावरून उठावंसं वाटत होतं, पण पुरणाच्या पोळ्या होत्या. मग बायको म्हणाली, "तुम्ही कुठं होते? व्हिडिओत दिसून नाही राहिले."

"मी जनरेटरपाशी होतो," मी म्हटलं, आणि मग त्या पहिली ब-वाल्या माणसाचं सांगायला लागलो. रागातच सुरू केलं होतं. पण त्याची मिशी आली, वाकणं आलं, मी खुर्चीवरून उठून वाकून दाखवलं, ती चिमुरडी आली. पोरगी ठसका लागून पाणी प्यायला गेली. बायको डोळ्याला पदर लावून बसली. साडू आवाज न करता हसत होता, त्याचे खांदे तेवढे हलत होते. मग तो त्या मुक्कामातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला.

"दादा, तो वर्ग कोणता म्हणाला, ते पुन्हा सांगा ना."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा वाकून. इतकं बरं वाटलं मला की मी त्याला आग्रहानं आणखी एक पोळी वाढली.

तिसऱ्या दिवशी तो कोकणात गेला. मेहुणी आईजवळ राहिली. सासूबाईंच्या डोळ्याला काळा चष्मा, टीव्ही बंद, फोन बंद, नुसतं पडून राहायचं. बायको दुपारी त्यांना काहीबाही वाचून दाखवायला जायची. त्या रविवारी मी तिला आणायला संध्याकाळी इतवारीत गेलो. गल्लीत हातगाड्या आडव्या लागल्या होत्या, स्कूटर बाहेरच ठेवली. सासूबाईंचं घर माडीवर आहे, लाकडी जिना. अर्ध्या जिन्यात बायकोचा आवाज ऐकू आला. तो वाचायचा आवाज होता. कितीतरी दिवसांनी ऐकला मी, नळ चालू न ठेवता.

"'मी म्हटलं, मुलगा कुठं आहे? तो म्हणाला, पळून गेला.'"

मी जिन्यातच थांबलो.

सगळं होतं. काजळाची मिशी होती, टोचणारं धोतर होतं, दुसरीत असीन होतं. जनरेटरसुद्धा होता. नारळाबद्दल, शालीबद्दल एक अक्षर नव्हतं. लेखाला नाव साडूचं, फोटो साडूचा, फोटोमागं समुद्र असणारच, आणि आत आमचं हुडकेश्वर. माझे कान तापले. चोर आहे, म्हटलं. शांत, सभ्य, रस्सा खाऊन छान म्हणणारा चोर. वर जाऊन काय बोलायचं त्याची मी वाक्यंही जुळवली.

तेवढ्यात बायकोनं पुढचं वाचलं. "'हे मला नागपूरच्या माझ्या साडूंनी जेवताना सांगितलं. मी व्यासपीठावर होतो, मला काहीच दिसलं नाही. दिसलं ते त्यांना, कारण ते मागं बसले होते. हे सांगताना ते खुर्चीवरून उठून वाकले, आणि मला त्या माणसाचे गुडघे दुखताना जाणवले.'"

आता काय करणार? चोरी केली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं तर मला अर्ध्या पानात मानानं बसवलं होतं. लेखातला तो साडू, जनरेटरपाशी बसणारा, वाकून दाखवणारा, मला फार आवडला. आणि खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटला. इतका चांगला माणूस आमच्या घरात राहतो हे मला माहीत नव्हतं.

वरून सासूबाईंचा आवाज आला. "मोठे जावई आले का वं? बोलल्यासारखे वाटले."

"नाही, आई. मी वाचून राहिली."

मी खोकलो आणि वर गेलो. मेहुणीनं चहा ठेवला. लेखाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही, फक्त सासूबाई काळ्या चष्म्यातून माझ्या दिशेनं पाहून मधूनच हसत होत्या. मेहुणी आणि बायको आत स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला वाटलं, माझ्याबद्दल असणार.

निघालो. गल्ली पार करून स्कूटरवर मोठ्या रस्त्याला लागलो. मग राहवलं नाही.

"तान्ह्या पोळ्याची माझीबी बातमी आली होती. ती वाचली का आईले?"

"वाचली ना. मंगळवारीच वाचली."

"मंग?"

"मंग काय? आईनं विचारलं, हे कोनाचं आहे. मी म्हटलं, तुमच्या मोठ्या जावयाचं. तर म्हणते, नाही वं, ते असे नाही बोलत."

पुढं सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला. शेजारी एका टेम्पोत स्टीलची पातेली एकमेकांवर वाजत होती.

"म्हणून तू त्याचं वाचते काय?" मी पुढं पाहतच विचारलं. "मोठ्यानं? दारात उभी राहून?"

तिनं माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला.

"तो घरी बोलतच नाही, अहो. जे असते ते सगळं कागदावर. लहानी वाचते तेव्हा तिले कळते नवऱ्यानं दिवसभर काय पाहिलं. म्हणून मले पाठवते, कोनाशी तरी बोलाले पाहिजे ना तिले. आज चहा करताना मले काय म्हणाली, सांगू? म्हणे, ताई, तुझं नशीब. तुझ्याकडं जेवताना टीव्ही लावा लागत नाही."